प्रतिपिंड-परीक्षेतील होकाराचे मोल

पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्रातून स्मिथबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १९६ भारतीय रक्तरसांपैकी ३३ रक्तरसांनी झिका विषाणू निष्प्रभ केला. झिका तेव्हाच भारतात वावरत होता, असे अनुमान पुढे या आकड्यावरून काढले गेले. ते तपासून घेणे अवश्य आहे.

या परीक्षेत रक्तरस व विषाणू यांचे मिश्रण उंदरांना टोचीत. उंदीर वाचले की रक्तरसात संरक्षक प्रतिपिंडे आहेत असे मानीत. परंतु ती कोणत्या संसर्गाने निर्माण झाली, हे उंदराच्या जगण्यावरून कळत नाही. झिका, डेंगी आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू सगोत्र आहेत. त्यांच्या आवरणातील प्रथिनांत साम्य असल्यामुळे एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्याशीही संयोग पावते. जेथे डेंगी रुजलेला आहे, तेथे ही चूक एकाच दिशेने घडते. नमुन्यांची संख्या वाढविल्याने ती घटत नाही.

एकच रक्तरस अनेक सगोत्र विषाणूंविरुद्ध तपासून टायटरमधील चौपट फरक पाहणे, हा यावरील रूढ उपाय होय. तथापि दुसऱ्या संसर्गानंतर पूर्वीच्या विषाणूविरुद्धचाच टायटर अधिक चढू शकतो. तेव्हा हा निकषही निर्णायक ठरत नाही.

भारतातील झिकाचे निश्चित रुग्ण २०१७ मध्ये अहमदाबादेतून जाहीर झाले, ते विषाणूचे आरएनए आढळल्यावरून. त्यामुळे १९५४ च्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. तूर्त त्या ३३ रक्तरसांस प्रतिक्रियाशील म्हणावे; झिकाबाधित म्हणण्यास आधार अपुरा आहे.