बिंदू, नुक्ता आणि रान

सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांवर लिहिणारे बहुतेक जण काळ्या बिंदूपाशी थांबतात आणि त्याला तत्त्वज्ञान चिकटवतात. मला त्याआधीचं रान महत्त्वाचं वाटतं. रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यात जन्मले. वडील वनखात्यात होते. वर्गात लक्ष नसलेल्या या मुलासाठी गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत राहायला सांगितलं. पुढे नागपूर, मुंबईचं जे. जे. आणि १९५० साली पॅरिस. तरी तो ठिपका आणि जंगलातली काळोखी रात्र त्यांच्या रंगांतून गेली नाही. म्हणून बिंदू म्हणजे निसर्गाकडे फिरवलेली पाठ नव्हे, निसर्गाचा अर्क आहे. मात्र उतारवयात तोच बिंदू वारंवार येत गेला आणि त्यातलं रान विरळ झालं, हेही सांगायला हवं.

उर्दू शिकवताना मला इथे नुक्ता आठवतो. वरचा ठिपका खाली सरकला की 'खे'चा 'जीम' होतो, 'खुदा'चा 'जुदा' होतो. रझांचा बिंदू नुक्त्यातून आला, असा माझा दावा नाही. पण जागा चुकली की अर्थ जातो, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे.

चित्रप्रदर्शनाची तयारी सुरू झाली की आमची मुलंही दोन डोंगरांमधला सूर्य काढतात, आणि आम्ही शिक्षक त्यालाच बक्षीस देतो. खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या कागदावर येत नाहीत. मुलांना रझांचा बिंदू गिरवायला देऊ नये. आधी त्यांना स्वतःचं रान पाहू द्यावं.