कार्ल डिसिल्वा यांची पक्षिचित्रे : एक आकलन

गोव्याचे वन्यजीव चित्रकार कार्ल डिसिल्वा (निधन २०१५) यांची दखल पक्षिशास्त्राने घेतली. मराठी कलासमीक्षेत मात्र अशा चित्रांचा विचार क्वचितच होतो. ग्रिमेट व इन्स्किप दाम्पत्य यांच्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या (१९९८) चित्रकारांत त्यांचा समावेश होता. अशा ग्रंथातील चित्र एका पक्ष्याचे नसून संपूर्ण जातीचे असते. नर, मादी व अपरिपक्व पक्षी तुलनेसाठी शेजारी येतात. परिसर गळून पडतो. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातील शुष्क पानझडी वन त्यात दिसणार नाही. ही मर्यादा खरी. तथापि ती चित्रकाराची नसून चित्रप्रकाराची आहे. किंबहुना, शैलीचा मोह आवरणे हीच येथे कलावंताची कसोटी होय. ओळखच नसलेल्या पक्ष्याच्या रक्षणाची कळकळ कशी निर्माण होणार? म्हणूनच या चित्रांना केवळ कारागिरी संबोधणे अन्यायकारक ठरेल.