मोबाइलचा लेखनिक कोणाची मराठी लिहितो?

बोललेले शब्द मोबाइलने लिहून द्यावेत याचे आता कुणाला नवल वाटत नाही. कळफलकावरच्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवायचे, बोलायचे आणि पडद्यावर उमटलेला मजकूर पाठवून द्यायचा, हे आजीपासून नातवापर्यंत सगळे करतात. त्यामुळे 'कोणत्या फोनला मराठी जास्त चांगली कळते?' हा प्रश्नही ओघानेच येतो. त्याचे उत्तर शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे दोन-तीन फोन समोर ठेवायचे, सर्वांना वर्तमानपत्रातला एकच उतारा वाचून दाखवायचा, चुका मोजायच्या आणि गुण द्यायचे.

या पद्धतीतून मराठी वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. श्रुतलेखन करणारे यंत्र ऐकते आणि लिहितेही. लिहायचे म्हटले की निवड आलीच : 'केलं' लिहायचे की 'केले', 'पानी' ऐकू आले तर 'पाणी' करायचे की तसेच ठेवायचे, 'त्याने' की 'त्यांनी'. या निवडी यंत्राने कशाच्या आधारावर केल्या आणि त्या बदलण्याची किती मुभा आपल्याला ठेवली, यावर वेगवेगळ्या फोनांची तुलना व्हायला हवी.

तुलना नक्की कशाची?

मुळात आपण कोणाला कोणाशी तोलतो आहोत हेच पुष्कळदा स्पष्ट नसते. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टाइप करण्याच्या सोयीत सुमारे ३० भाषांची भर घातली. त्यांत मराठीसह आठ भारतीय भाषा होत्या. हिंदी त्याआधीच आलेली होती. अँड्रॉइड फोनवर ही सोय 'जीबोर्ड' या कळफलकातून मिळते. हाच जीबोर्ड आयफोनवरही बसवता येतो. पण ॲपल दुसऱ्या कंपनीच्या कळफलकाला थेट माइक वापरू देत नाही. म्हणून तिथे बोलणे आधी जीबोर्डच्या ॲपमध्ये जाते आणि मजकूर होऊन परत येते. सॅमसंगच्या फोनवर कंपनीची स्वतःची सोय आणि गूगलची सोय यांतून निवड करता येते. म्हणजे 'अँड्रॉइड विरुद्ध आयफोन' म्हणून रंगवलेला सामना कित्येकदा एकाच लेखनिकाला दोन दारांतून हाक मारण्याचा प्रकार असतो.

ॲपलची गोष्ट निराळी आहे. आयफोन ४ एसबरोबर २०११ मध्ये सिरी आणि श्रुतलेखन एकदमच आले. सुरुवातीला सिरीला इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन एवढेच येत होते. २०२२ च्या आयओएस १६ मध्ये बोलता बोलता कळफलकावरून दुरुस्ती करण्याची सोय झाली, आणि निवडक भाषांत विरामचिन्हेही आपोआप पडू लागली. मात्र फोनमध्ये मराठी कळफलक असणे, मराठी श्रुतलेखन असणे आणि सिरीला मराठी समजणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी स्वतःच प्रत्येक सोयीसाठी भाषांची वेगळी यादी देते. विक्रेत्याचे 'मराठी आहे ना' हे उत्तर बहुधा पहिल्या यादीपुरते खरे असते. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये फोनवरील संभाषणाच्या तत्काळ भाषांतराची सोय आणली, तेव्हा तिच्या १३ भाषांत भारतीय भाषा एकच होती, हिंदी. २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाखांवर लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली मराठी त्या पहिल्या यादीत नव्हती.

यंत्र काय ऐकते, कशावरून लिहिते

जुन्या रचनेत तीन भाग असत : ध्वनी ओळखणारा, शब्दांचे उच्चार सांगणारा कोश, आणि कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव आहे हे सांगणारा भाग. नव्या रचनेत हे तिन्ही एकाच जाळ्यात मिसळले आहेत. २०१९ मध्ये गूगलने अमेरिकी इंग्रजीसाठी असे जाळे सुमारे ८० मेगाबाइटमध्ये बसवून थेट पिक्सेल फोनमध्ये ठेवले. आधीच्या रचनेत केवळ शब्दशोधाचा आराखडाच दोन गिगाबाइटच्या घरात जात असे. फोनमध्येच काम होत असल्याने आवाज कंपनीच्या संगणकाकडे पाठवावा लागत नाही. जिथे भाषेचे जाळे फोनमध्ये नसते, तिथे तो पाठवावाच लागतो. २०१९ च्या उन्हाळ्यात गूगल आणि ॲपल या दोघांच्याही सहायकांकडे नोंदलेली बोलणी कंत्राटी माणसे ऐकत असल्याचे उघड झाले होते. ते आठवले म्हणजे 'माझ्या भाषेचे काम फोनमध्येच होते का?' हा प्रश्न किती घरगुती आहे हे कळते. औषधांची नावे, बँकेचे व्यवहार, भावकीतले वाद हे सारे आपण फोनला सांगत असतो. ज्या भाषेला आधी जागा मिळाली तिच्या बोलणाऱ्याला खाजगीपणही आधी मिळाले.

रचना कोणतीही असो, यंत्र शिकते ते नमुन्यांवरून : आवाज आणि त्याचे अचूक लेखन अशा जोड्यांवरून. 'ओपनएआय'ने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेली 'व्हिस्पर' ही प्रणाली पुढे फोनवरच्या ॲपांतही आली. तिची पहिली आवृत्ती ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकली होती. तिच्या शोधनिबंधातील तक्त्यात हिंदी ध्वनी आणि हिंदी लेखन अशा जोड्या १२ तासांच्या आहेत. मराठीच्या जोड्यांचा एक तासही भरत नाही. अशा यंत्राने मराठीत चुका केल्या तर मराठी अवघड आहे म्हणून त्या झाल्या असे म्हणता येणार नाही. मराठीचे लेखन त्याला जवळजवळ शिकवलेलेच नव्हते.

मराठीचे पेच

मराठीच्या श्रुतलेखनातले खरे पेच इंग्रजीसाठी बेतलेल्या परीक्षांत येतच नाहीत. त्यांतला पहिला बोलणे आणि लिहिणे यांच्यातल्या अंतराचा. आपण 'मी काम केलं' म्हणतो आणि अर्जात 'मी काम केले' लिहितो. १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत लिखाणासाठी 'केले', 'असे' ही रूपे आहेत, आणि बोलणे जसेच्या तसे दाखवायचे असेल तेव्हा 'केलं', 'असं' यांना जागा आहे. दोन्ही शुद्धच. पण मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जात एक हवे आणि बहिणीला पाठवायच्या निरोपात दुसरे. हा निर्णय बोलणाऱ्याचा आहे. श्रुतलेखनाच्या सोयी तो विचारत नाहीत. शिकवणीत जे रूप जास्त आले असेल ते उमटवतात.

दुसरा पेच आदराचा. 'त्यांनी' हा शब्द भरभर बोलताना पुष्कळांच्या तोंडी 'त्यानी' असा येतो. यंत्राने त्याचे 'त्याने' केले तर अनुस्वार आणि एक मात्रा एवढाच फरक पडला असे म्हणता येईल. पण दिवंगत गुरुजींच्या घरी पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्रात तो फरक वाचणाऱ्याला बोचतो.

तिसरा पेच 'ऱ्य' आणि 'र्य' यांचा. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' समुद्र. 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक होईल, 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन. हे उच्चार वेगळे आहेत, त्यामुळे यंत्राला ते वेगळे ऐकू यायला हरकत नाही. मराठीच्या या 'ऱ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थानही आहे. हिंदीच्या साच्यावर मराठी बेतली आहे की मराठी म्हणून वेगळी शिकवली आहे, हे पाहायला ही जोडी उत्तम कसोटी आहे.

चौथा पेच आकड्यांचा. सव्वाशे, पावणेदोनशे, अडीच हजार, साडेबारा हे आपले रोजचे व्यवहाराचे शब्द. त्यांचे आकडे करायचे की अक्षरे ठेवायची? किराण्याच्या यादीत आकडे हवेत, कथेत अक्षरे. त्यातून ग्रामीण बोलण्यात 'पावणे' म्हणजे पाहुणेही. 'पावणे सातला येतील' हे वाक्य कानावर पडले, तर पाहुणे सात वाजता येणार आहेत की कुणीतरी पाव तास आधी, हे पुढचे-मागचे बोलणे ठाऊक असलेला माणूसच सांगू शकेल.

टक्केवारीचा घोळ

या सोयींची गुणवत्ता मोजण्याचे प्रचलित माप शब्दचुकीच्या प्रमाणाचे आहे. बदललेले, गळलेले आणि जादा आलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचे. हे माप मराठीला कसे लागू पडते ते एका वाक्यावरून पाहू : 'आमच्या घरासमोर गाडी लावू नका.' शब्द पाच. यंत्राने 'घरा समोर' असे तोडून लिहिले तर एक शब्द बदलला आणि एक जादा आला. चुका दोन, प्रमाण ४० टक्के. दुसऱ्या यंत्राने शेवटचा 'नका' गाळून 'आमच्या घरासमोर गाडी लावू' एवढेच लिहिले तर चूक एक, प्रमाण २० टक्के. पहिल्या वाक्याचा अर्थ शाबूत आहे, फक्त शब्दयोगी अव्यय सुटे पडले आहे. दुसऱ्याचा अर्थ उलटा झाला आहे, आणि गुण त्यालाच जास्त! शब्दयोगी अव्यये जोडून लिहिणाऱ्या भाषेवर हे माप असे अन्याय करते. म्हणून 'अमुक फोन ९५ टक्के अचूक' असे वाचले की चुका कोणत्या झाल्या हे विचारले पाहिजे. नकार गळणे, विशेषनाम बदलणे आणि आकडा चुकणे या तिन्ही चुकांची किंमत जोडाक्षराच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

बहिणाबाईंचे लेखनिक

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या सोयीची खरी गरज कोणाला आहे? ज्यांना सराईतपणे टाइप करता येते त्यांचे तिच्यावाचून अडत नाही. ज्यांची नजर किंवा हात साथ देत नाही, जे जेमतेम शिकले, किंवा देवनागरी कळफलक जमत नाही म्हणून जे रोमन लिपीत मराठी लिहू लागले होते, त्यांना माइकच्या त्या चिन्हाने आपल्या लिपीत परत आणले. हे या सोयीचे मोठे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे. पण यांच्यापैकी अनेकजण जी मराठी बोलतात ती पाठ्यपुस्तकातली नसते. वऱ्हाडातला 'न', खानदेशातला 'ळ'च्या जागी येणारा 'य', मालवणीतली क्रियापदे यांना यंत्र एक तर प्रमाण रूप देते किंवा भलताच शब्द लिहिते.

प्रमाण रूप देणे नेहमीच वाईट नाही. तहसीलदाराला अर्ज लिहिणाऱ्या शेतकऱ्याला 'पानी'चे 'पाणी' झालेले चालेल, कदाचित हवेही असेल. पण बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी ऐकून टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहीत होते. आईचे शब्द त्यांना सहज 'सुधारता' आले असते. त्यांनी ते तसेच राहू दिले, म्हणून ती खानदेशी बोली आज महाराष्ट्रभर वाचली जाते. श्रुतलेखनाची आजची सोय त्या जागी असती तर तिने ओळीओळीला शब्द बदलले असते, आणि बदलले हे सांगितलेही नसते.

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले या कथेत दोन अटी आहेत : लेखणी थांबणार नाही ही गणपतीची, आणि अर्थ समजल्यावाचून लिहायचे नाही ही व्यासांची. मोबाइलने पहिली अट उत्तम पाळली आहे. दुसरी त्याला पाळता येत नसेल तर निदान शंका आली तिथे विचारावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मागायचे काय?

कंपन्यांकडे मागण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. 'लेखी रूप' आणि 'बोलल्याप्रमाणे' असा पर्याय द्यावा. शंकास्पद शब्दाखाली खूण करून दुसरे रूप सुचवावे. माणसांची आणि गावांची नावे एकदा दुरुस्त केली की लक्षात ठेवावीत. मराठीचे काम फोनमध्येच होते की बाहेर, हे स्पष्ट सांगावे.

बाकीचे काम आपले आहे. आयआयटी मद्रासमधल्या 'एआय फॉर भारत' या गटाने २०२४ मध्ये 'इंडिकव्हॉइसेस' हा २२ भारतीय भाषांचा ध्वनिसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात वाचलेल्या मजकुराबरोबर उत्स्फूर्त बोलणे आणि संवादही आहेत. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. मराठीपुरते पाहायचे तर राज्य मराठी विकास संस्था, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि साहित्य संस्था यांनी मिळून जिल्ह्याजिल्ह्यातल्या बोलण्याचा एक खुला कसोटी-संच तयार करावा. त्यात दऱ्या आणि दर्या असावेत, सव्वाशे आणि पावणेदोनशे असावेत, नकारार्थी वाक्ये असावीत, सातारा, गडचिरोली, सिंधुदुर्ग, नंदुरबार इथल्या वयस्क बायकांचे आवाज असावेत. दरवर्षी प्रत्येक फोनची परीक्षा त्यावर घेऊन निकाल जाहीर करावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर जी कामे सुचवली गेली त्यांत जुन्या ग्रंथांचे जतन योग्यच आहे; पण आज बोलली जाणारी मराठी यंत्रांना नीट ऐकवणे हेही त्याच यादीत यायला हवे.

तोवर फोन घेताना दुकानातच एक गोष्ट करता येईल. घरात जो माणूस ही सोय सर्वाधिक वापरणार आहे, त्यालाच बरोबर न्यावे आणि त्याच्या नेहमीच्या बोलीत पाच वाक्ये बोलू द्यावीत. त्यांतली किती वाक्ये न बदलता पाठवता येतात, ते मोजून मग फोन निवडावा.