दंडाची मुदत आणि मताचा हक्क

कायद्याचें वाङ्मय हें वाङ्मयच नव्हे, अशी आपल्याकडील रसिकांची समजूत दिसते. परंतु ज्या लेखांतील दोन शब्दांवर लक्षावधि माणसांचें नागरिकत्व अवलंबून असतें, तो लेख टीकाकारानें काव्याइतक्याच बारकाईनें वाचावयास हवा. अशाच एका लेखाचें परीक्षण आम्ही येथें करणार आहों. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ता. २४ जून १९७४ रोजीं 'रिचर्डसन विरुद्ध रामिरेझ' ह्या खटल्यांत दिलेला निकाल तो होय. पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तो रद्द झालेला नाहीं. शिक्षा झालेल्यांस मतदानापासून दूर ठेवणारे तेथील राज्यांचे कायदे अद्यापि त्याच्याच आधारावर टिकून आहेत.

ज्या गुन्ह्यास सामान्यतः एक वर्षाहून अधिक कैद होऊं शकते, त्यास अमेरिकेंत 'फेलनी' म्हणतात. कॅलिफोर्नियांतील तीन इसमांस अशा गुन्ह्यांबद्दल शिक्षा झाली होती. ती त्यांनीं पुरी भोगली, सुटकेनंतरच्या देखरेखीची मुदतहि संपली. मग ते मतदारयादींत नांव नोंदविण्यास गेले, तेव्हां त्यांस नकार मिळाला. राज्याच्या न्यायालयानें त्यांचा पक्ष उचलून धरला; परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनीं फिरविला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ति रेन्क्विस्ट यांनीं लिहिला.

ह्या निकालाची सारी इमारत १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर उभी आहे. तिच्या पहिल्या कलमानें सर्वांस कायद्याचें समान संरक्षण दिलें. दुसऱ्या कलमाचा आशय असा कीं, जें राज्य आपल्या एकवीस वर्षांवरील पुरुष नागरिकांस मत नाकारील, त्याचें प्रतिनिधिगृहांतील प्रतिनिधित्व त्या प्रमाणांत कमी व्हावें. मात्र बंडांत भाग घेतल्याबद्दल किंवा अन्य गुन्ह्याबद्दल मत नाकारलें असल्यास ही कपात होऊं नये. 'अन्य गुन्हा' ह्या दोन शब्दांवरून न्यायमूर्तींनीं असें अनुमान काढलें कीं, जी गोष्ट दुसरें कलम दंडांतून वगळतें, तिला पहिलें कलम मनाई करीत नसलें पाहिजे.

अनुमान सुबक आहे. परंतु तें खरें आहे काय? एखाद्या मालास जकात माफ असली, म्हणून तो भेसळीच्या कायद्यांतूनहि सुटला असें कोणी म्हणत नाहीं. दंडाची माफी ही एक गोष्ट. कृत्यास परवानगी ही दुसरी. न्यायमूर्ति थर्गुड मार्शल यांनीं आपल्या विरोधी मतांत नेमका हाच भेद दाखविला आहे. आम्ही त्यांत आणखी दोन गोष्टींची भर घालूं. पहिली ही कीं, दुसऱ्या कलमांत सांगितलेली प्रतिनिधित्वाची कपात आजवर एकाहि राज्यावर लादली गेली नाहीं. दक्षिणेंतील राज्यांनीं काळ्या नागरिकांस पिढ्यान् पिढ्या मतपेटीपासून दूर ठेवलें, तेव्हांहि नाहीं. म्हणजे कलमाचा मुख्य नियम मृत झाला आणि त्याचा अपवाद मात्र जिवंत राहिला! दुसरी गोष्ट 'पुरुष' ह्या शब्दाची. त्याच वाक्यांतील ह्या शब्दाचा जोर १९२० सालीं स्त्रियांस मताधिकार मिळाल्यावर संपला. एकाच वाक्यांतील एक शब्द काळाबरोबर निस्तेज व्हावा आणि दुसरा वेदवाक्य होऊन बसावा, ही वाचनाची रीत आम्हांस मान्य नाहीं.

ह्याच न्यायमूर्तींचा १९८५ सालचा 'हंटर विरुद्ध अंडरवुड' हा निकाल ह्याच्या शेजारीं ठेवून वाचण्यासारखा आहे. अलाबामा राज्याच्या १९०१ सालच्या घटनेनें नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यांबद्दल मताचा हक्क काढून घेतला होता. त्या यादींत भटकेपणासारख्या किरकोळ गोष्टीहि होत्या. घटना तयार करणाऱ्या परिषदेच्या अध्यक्षानें गोऱ्यांचें वर्चस्व स्थापणें हा आपला हेतु भर सभेंत बोलून दाखविला होता. तो इतिवृत्तांत नमूद असल्यामुळें न्यायालयानें हें कलम एकमतानें रद्द केलें. निकाल न्याय्यच आहे. परंतु त्यांतून निघणारें तात्पर्य मोठें चमत्कारिक आहे. ज्यानें आपला द्वेष बोलून दाखविला, त्याचा कायदा पडला. ज्यानें तो पोटांत ठेवला असेल, त्याचा तरला. न्याय हा प्रतिपक्षाच्या वाचाळपणावर अवलंबून राहूं लागला, तर तो कितीसा टिकणार?

जेथें न्यायालयानें दार लावलें, तेथें लोकांनीं तें उघडूं पाहिलें. फ्लोरिडांत १८६८ पासून चालत आलेली बंदी उठविण्यासाठीं ६ नोव्हेंबर १९१८ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, ६ नोव्हेंबर २०१८ रोजीं लोकमत घ्यावें लागलें. त्यास शेंकडा ६० मतांची जरूर होती. ६४ हून अधिक पडलीं. खून व लैंगिक अपराध वगळून, शिक्षा पुरी केलेल्या सर्वांस मत मिळावयाचें होतें. अशांची संख्या सुमारें चौदा लाख सांगितली जात होती. परंतु पुढच्याच वर्षीं विधिमंडळानें कायदा करून ठरविलें कीं, न्यायालयानें लावलेला दंड, फी व नुकसानभरपाई चुकती केल्यावांचून शिक्षा पुरी झाली असें समजूं नये. कोणाकडे किती बाकी आहे, हें सांगणारी एक सरकारी वही मात्र नव्हती. तरीहि २०२० च्या सप्टेंबरांत संघीय अपील न्यायालयानें सहा विरुद्ध चार मतांनीं तो कायदा उचलून धरला. ऋणको तयार, परंतु सावकारास आंकडाच ठाऊक नाहीं, असा हा व्यवहार आहे. ह्यांत श्रीमंत गुन्हेगार मतदार होतो आणि गरीब गुन्हेगार गुन्हेगारच राहतो.

प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, ज्यानें कायदा मोडला त्यास कायदे करणारे निवडण्याचा अधिकार नसावा. ह्या युक्तिवादांत तथ्य आहे, परंतु तें मुदतीपुरतें आहे. करार मोडणाऱ्यास दंड करणें निराळें आणि दंड भरल्यावरहि त्यास कराराबाहेर ठेवणें निराळें. आपल्या धर्मशास्त्रकारांनींहि प्रायश्चित्त घेतलेला मनुष्य 'व्यवहार्य' होतो कीं नाहीं, ह्याचा ऊहापोह केला आहे. दंडानंतर काय, हा प्रश्न त्यांसहि टाळतां आला नाहीं. गुन्हेगार मिळून गुन्हेगारांस सोयीचे कायदे करतील, ही भीति तर अनुभवास धरून नाहीं. मेन व व्हरमॉन्ट ह्या राज्यांत तुरुंगांतील कैदीहि मत देतात. तेथें राज्य बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं. निवडणुकींतच लांच देणाऱ्यास कांहीं काळ मत नाकारणें आम्ही योग्य समजतों. आपल्या १९५१ सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत अशा गुन्ह्यांस सहा वर्षांची बंदी आहे. ती गुन्ह्याशीं जुळते, आणि मुख्य म्हणजे ती संपते.

ह्यावरून आपण निर्दोष आहों असें मात्र वाचकांनीं समजूं नये. आपल्याकडे सुटलेल्या कैद्यास मत परत मिळतें, हें खरें. परंतु त्याच कायद्याच्या ६२ व्या कलमाच्या पांचव्या पोटकलमान्वयें तुरुंगांत असलेल्या कोणासहि मत देतां येत नाहीं. प्रतिबंधक स्थानबद्धतेंतील इसम तेवढे अपवाद. आपल्या तुरुंगांतील सुमारें तीन-चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्यापि सिद्धच झालेला नाहीं असे. जामीन मिळालेला आरोपी मत देतो, जामिनास पैसे नसलेला देत नाहीं. १९९७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें. पुढें २०१३ च्या दुरुस्तीनें असे कैदी उमेदवार होण्यास मोकळे झाले. तुरुंगांतून मतें मागतां येतात, परंतु देतां येत नाहींत! फ्लोरिडास हंसण्यापूर्वीं हें ध्यानांत धरलेलें बरें.

मत हें सद्वर्तनाचें बक्षीस नव्हे. तें बक्षीस ठरलें, तर सद्वर्तन कोणतें हें ठरविणारा राज्यकर्ताच मतदारहि ठरवील, आणि मग मतदानास अर्थ काय उरला? ज्याच्याकडून राज्य कर घेतें, ज्यास कायदे लागू करतें, त्यास दंड भोगून झाल्यावर, पैशाची अट न घालतां, मत परत दिलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. 'अन्य गुन्हा' ह्या दोन शब्दांनीं एवढ्या माणसांस मुकें केलें. तीं पुन्हा बोलूं लागावयाचीं, तर ते शब्द पुन्हा एकदां नीट वाचावे लागतील.