मळ वगळून सांगितलेला हॉल परिणाम

क्वांटम हॉल परिणामावरची सार्वजनिक व्याख्यानं आपण बरीच ऐकतो. त्यांचा क्रम आता जवळजवळ ठरून गेलाय: फेब्रुवारी 1980, ग्रनोबल, क्लाउस फॉन क्लिट्झिंग, सिलिकॉनचं उपकरण, 25,812.807 ओहम हा आकडा, 1985चं नोबेल. शेवटी पट्टीच्या कडेकडेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनचं चित्र, की झालं.

आमची तक्रार अशी की यात नमुन्यातला मळ, म्हणजे अशुद्धी आणि दोष, गायबच असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आकडा इतका अचूक म्हणजे नमुनाही तितकाच निर्मळ असणार. खरं तर उलट आहे. अगदी निर्मळ नमुना घ्या, इलेक्ट्रॉनांची संख्या कायम ठेवा आणि चुंबकीय क्षेत्र वाढवा. हॉल रोध सरळ रेषेत चढत जाईल, एडविन हॉलने 1879 मध्ये पाहिला त्याच जुन्या नियमाने. पायऱ्या दिसणारच नाहीत.

मग पायरी येते कुठून? मुळशीत बसून हे सांगणं सोपं आहे. धरणाच्या पाण्याची कड बघा: ती समान उंचीची रेषा असते. (पाण्याखाली गेलेली गावं आणि 1921चा सत्याग्रह हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय, इथे आपण फक्त ही कड उसनी घेतोय.) अशुद्धीमुळे नमुन्यातही विभवाच्या टेकड्या आणि दऱ्या तयार होतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन बारीक गिरक्या घेत समान उंचीच्या रेषेनेच सरकतो, ना चढतो ना उतरतो. पाणी कमी असेल तर सुटी डबकी. प्रत्येकाची कड स्वतःशीच मिटते, इलेक्ट्रॉन अडकला. पाणी बरंच वर गेलं तर माथ्यांची बेटं होतात. त्यांच्या कडाही मिटलेल्याच. अखंड राहते ती फक्त चहूबाजूंच्या डोंगरउतारावरची कड. व्याख्यानातलं कडेने धावणारं चित्र येतं ते इथून. या दोहोंच्या मध्ये एकच पातळी अशी, जिथे कड या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जाते. ती ओलांडली की हॉल रोध पुढच्या पायरीवर जातो. एरवी नवे इलेक्ट्रॉन अडकलेल्या जागा भरतात, त्यामुळे रोध हलत नाही.

पण मळच सगळं करतो असं सांगणारेही भेटतात, आणि तेही चुकीचंच. मळ पायरीला रुंदी देतो. तिची उंची ठरते प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांवरून. ती का ढळत नाही, याचा युक्तिवाद लाफलिनने 1981 मध्ये मांडला. शिवाय मळ फार झाला तर पायऱ्या पुसल्या जातात. 1982 मध्ये त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना अपूर्णांकी परिणाम दिसला, तो बऱ्याच स्वच्छ गॅलियम आर्सेनाइडमध्ये.

पाण्याची उपमाही एका जागी तुटते, आणि ते श्रोत्यांना सांगायलाच हवं. खिंडीत दोन कडा जवळ आल्या तर पाणी थांबतं. इलेक्ट्रॉन मात्र पुंजयांत्रिकीच्या नियमाने पलीकडे जाऊ शकतो. त्या आरपार पातळीजवळ येताना अडकलेल्या वाटांचा विस्तार किती झपाट्याने वाढतो, हे सांगणारा एक घातांक आहे. नुसत्या पाण्याच्या हिशोबाने तो 4/3 येतो. चॉकर आणि कॉडिंग्टन यांनी 1988 मध्ये खिंडीतली ही गळती हिशोबात घेतली. त्या प्रतिमानाची अलीकडची गणितं साधारण 2.6 देतात. प्रयोगातून 2.4च्या आसपास मिळतो. उरलेला फरक इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळे आहे का, यावर वाद अजून चालू आहे.