‘अर्धसत्य’मधला पहिला खून

‘अर्धसत्य’ मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत. एका लॅपटॉपभोवती आम्ही सात-आठ जण कोंडाळं करून बसलो होतो. शेवटी ओम पुरीचा सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मध्यंतरी तो पुन्हा पाहायचं ठरवलं. त्याआधी सहज म्हणून त्या खोलीतल्या मित्रांना ग्रुपवर विचारलं, वेलणकर किती माणसं मारतो? सगळ्यांचं उत्तर एकच : एक, रामा शेट्टी. मलाही तेवढंच आठवत होतं. पण वेलणकर आपल्या हातांनी दोन जीव घेतो. पहिला एका भुरट्या चोराचा. रेडिओ चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात आणलेलं असतं आणि दारूच्या नशेत, मनात साचलेला राग काढत वेलणकर त्याला इतकं मारतो की तो मरतो. त्यानंतरचं सगळं, म्हणजे निलंबनाची टांगती तलवार, मदतीसाठी शेट्टीच्या दारात जाणं आणि शेवटचा खून, या मृत्यूतून घडतं. तरीही आमच्यापैकी एकाच्याही लक्षात तो मृत्यू राहिला नव्हता. याला आमचा विसराळूपणा किती कारणीभूत आणि चित्रपट किती, हे शोधावंसं वाटलं.

1983 सालचा गोविंद निहलानींचा हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची मुळं मराठी आहेत. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि ज्या कवितेवरून नाव आलं ती दिलीप चित्र्यांची. या माणसांना हिंसा नवी नव्हती आणि तिचं गोडवं गाण्याची हौसही नव्हती. त्यामुळे वेलणकर एका दिवसात खुनी होत नाही. बाप पोलिसातला, बायकोवर हात उचलणारा. ते बघत उभा राहिलेला, काही करू न शकलेला मुलगा. त्याच बापाच्या हट्टापायी घातलेली वर्दी. मग नोकरीत पकडलेली माणसं एका फोनवर सोडून द्यावी लागणं. शेट्टीला अटक करायला जाऊन हात हलवत परतणं. जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळणं. मग दारू. आणि मग तो चोर.

माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर एक अहवाल लिहावा लागतो. कुणा एकाला दोष न देता, कुठली कडी कुठे तुटली ते क्रमाने मांडायचं. ‘अर्धसत्य’ हा तसा उत्कृष्ट अहवाल आहे. प्रत्येक कडी पटते. पण आमच्या अहवालात एक रकाना सक्तीचा असतो : नुकसान कुणाचं झालं? या चित्रपटात तो रकाना जवळपास कोरा आहे. चोर मेल्यावर आपल्याला लागलेली काळजी अशी की आता वेलणकरचं काय होणार, त्याला कोण वाचवणार. वरिष्ठ हैदर अली काय सुचवतो, ज्योत्स्ना काय म्हणेल. मेलेल्याच्या घरी कोण वाट बघत होतं, हा प्रश्न दुसऱ्यांदा पाहतानाही मला चित्रपट संपल्यावरच पडला. म्हणजे चित्रपट चालू असताना मी पूर्ण वेळ खुर्चीच्या अलीकडे, वर्दीच्या बाजूला बसलेलो होतो.

शेवट तर यासाठी पुन्हा पाहण्यासारखा आहे. शेट्टीला मारून वेलणकर ठाण्यात येतो आणि कबुली देतो. ही कबुली शेट्टीच्या खुनाची असते. ज्या खुनावर आम्ही टाळ्या वाजवल्या, तो एवढ्या मोठ्या आवाजात कबूल होतो की त्यात कोठडीतला खून बुडून जातो. चित्रपटाचं नाव मला आता तिथे लागू पडताना दिसतं. कबुली खरी आहे, पण अर्धी.

हा दोष निहलानी-तेंडुलकरांचा म्हणायचा का? पुरता नाही. मारहाणीची चटक वेलणकरला आधीपासूनच आहे, हे चित्रपट लपवत नाही. छेड काढणाऱ्या पोरांना तो बडवतो तेव्हा ते गरजेपेक्षा जास्त आहे, हे आपल्याला दिसतं. स्मिता पाटीलची ज्योत्स्ना त्याच्यापासून दूर होत जाते, ती याच हिंसेमुळे. 2011च्या ‘सिंघम’शी तुलना केली तर हा संयम किती दुर्मीळ आहे ते कळतं. तिथे पोलीसच एकत्र येऊन खलनायकाला संपवतात आणि प्रेक्षकाला त्याबद्दल काही बोचावं अशी अपेक्षाच नाही. ‘अर्धसत्य’ बोचतो. पण त्याची बोच वेलणकरसाठी आहे. वर्दी माणसाचं काय करते, एवढाच त्याचा प्रश्न. वर्दीच्या हाताखाली सापडलेल्याचं काय होतं, हा प्रश्न त्याने दुसऱ्या कुणासाठी तरी सोडून दिला.

तो उचलला वेट्रिमारन या तमिळ दिग्दर्शकाने, 2015च्या ‘विसारणै’मध्ये. शब्दाचा अर्थ ‘चौकशी’. त्यामागे एम. चंद्रकुमार या कोइंबतूरच्या रिक्षाचालकाने स्वतःच्या अनुभवावर लिहिलेली ‘लॉकअप’ ही कादंबरी आहे. आंध्रातल्या गुंटूरमध्ये पोटासाठी आलेले, बागेत झोपणारे तमिळ मजूर पोलीस उचलून नेतात. एका बड्या घरी चोरी झालेली असते, वरून दबाव असतो, आणि गुन्हा ‘उघडकीस’ यायला कबुली देणारी माणसं हवी असतात. कॅमेरा शेवटपर्यंत या मजुरांबरोबर राहतो. आपल्याला का मारतायत हेच त्यांना बराच वेळ कळत नाही, आणि आपल्यालाही कळत नाही. मारणाऱ्यांचं बालपण कसं होतं, ते कधीच कळत नाही. बाप-आई, अपमान, दारू हे सगळं त्यांच्याही आयुष्यात असेल. मार खाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

‘विसारणै’त आणखी एक माणूस आहे, जो ‘अर्धसत्य’मध्ये मला दिसलाच नव्हता : तक्रारदार. रेडिओ कुणाचा तरी गेलेलाच होता की.

तिसऱ्या वर्षालाच, आम्ही ‘अर्धसत्य’ पाहिला त्याच्या तीनेक महिने आधी, माझ्या रूम पार्टनरचा फोन गेला. खोलीत येऊन गेला होता तो मेसचा मुलगा, डबे न्यायला. आम्ही चौघं ठाण्यात गेलो. माझं मराठी बरं म्हणून अर्ज मी लिहिला. ‘आमचा संशय’ या शब्दांपुढे त्याचं नाव घातलं. तेही मेसच्या काकांना विचारून घेतलं होतं, कारण आम्ही सगळे त्याला छोटू म्हणायचो. हवालदारांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “बघतो, बोलेल तो.” बाहेर आल्यावर आमच्यातला एक म्हणाला, “दोन पडल्या की बोलेल.” तो मी नव्हतो, पण मी हसलो होतो.

मुलगा दोन दिवसांनी परत आला. डाव्या हाताने पोळ्या वाढत होता. चौथ्या दिवशी फोन कपड्यांच्या पिशवीत सापडला. ठाण्यात जाऊन अर्ज मागे घेतला, तेव्हा “काही हरकत नाही” एवढंच ऐकायला मिळालं. त्या मुलाला कुणीच काही बोललं नाही. आठवड्याभरात तो मेस सोडून गेला. मग हिवाळ्यात आम्ही त्याच खोलीत बसून वेलणकरसाठी टाळ्या वाजवल्या.

त्याला अटक झालीच नव्हती. ‘चौकशीला बोलावलं’ होतं. या शब्दाची ताकद मला फार उशिरा कळली. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घालून दिलेले नियम चांगले आहेत : अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. पण ते सुरू होतात अटकेच्या नोंदीपासून. नोंदच नसेल तर 48 तास कधीपासून मोजायचे? ‘विसारणै’तले मजूरही असेच, कागदावर कुठेच नसलेले. 2020 साली न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, चित्रण शक्यतो 18 महिने ठेवायला सांगितलं. कॅमेरा अटक झाली की नाही ते विचारत नाही, म्हणून मला हा आदेश महत्त्वाचा वाटतो. पण कॅमेरे चालू ठेवण्याची आणि चित्रण जपण्याची जबाबदारी त्याच ठाण्याच्या प्रमुखावर आहे. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती लॉगची चावी देऊ नये, हे आमच्याकडे नव्याने आलेल्या पोरांनाही शिकवतात. कोठडीत माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, अशी शिफारस विधी आयोगाने 1985 साली, म्हणजे ‘अर्धसत्य’नंतर दोनच वर्षांनी केली होती. ती कायद्यात आली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 साली सही केली, अनुमोदन अजून दिलेलं नाही.

हे सगळं रखडतं याचं खापर आपण सरकारवर, पोलिसांवर, रामा शेट्टींवर फोडतो. त्यात खोटं काही नाही. पण ‘दोन पडल्या की बोलेल’ यावर हसणारे आपण बहुसंख्य आहोत, आणि आपला रेडिओ परत हवा असतो. ‘अर्धसत्य’ मोठा चित्रपट आहे, आणि त्याने मला जिथे बसवलं ती जागा माझ्या ओळखीची होती, म्हणूनच पहिल्यांदा काही खुपलं नाही.

ग्रुपवर मी नंतर आणखी एक प्रश्न टाकला. मेसच्या त्या मुलाचं नाव कुणाला आठवतं का? दोघांनी लिहिलं, छोटू. मला खरं नाव आठवतं. ते मीच लिहिलं होतं.