मूठ आणि माणूस : जो लुईसच्या कारकिर्दीचे एक वाचन

पराक्रमी माणसाचे स्मारक उभारताना शिल्पकाराला निवड करावी लागते. माणसाचे काय राखायचे आणि काय वगळायचे, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या मध्यवस्तीत, वुडवर्ड आणि जेफर्सन हे दोन हमरस्ते जेथे मिळतात तेथे, १९८६ साली मुष्टियोद्धा जो लुईस याचे स्मारक उभे राहिले. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकाच्या देणगीतून साकारलेले रॉबर्ट ग्रॅहम यांचे हे शिल्प म्हणजे २४ फूट लांबीचा ब्राँझचा एक बाहू. मूठ आवळलेली आहे आणि हात खांबांच्या चौकटीतून आडवा टांगलेला आहे. चेहरा नाही, धड नाही, पाय नाहीत. मुठीवर मुष्टियोद्ध्याचा मोजाही नाही.

शिल्प म्हणून ते प्रभावी आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आडव्या रेषेत तोलून धरलेला तो हात सुटण्याच्या क्षणी थबकल्यासारखा वाटतो. परंतु शिल्प हेही एक भाष्य असते आणि भाष्याची परीक्षा मूळ संहितेशी ताडूनच करावी लागते. येथे मूळ संहिता म्हणजे एका माणसाची सतरा वर्षांची कारकीर्द. तिच्याशी ताडून पाहता हे भाष्य आम्हाला अपुरे वाटते. आणि ज्या ठिकाणी ते अपुरे पडते, नेमक्या त्याच ठिकाणी लुईसचे समकालीनही अपुरे पडले होते.

मराठी वाचकाला महंमद अली जितका परिचित आहे तितका लुईस नाही, म्हणून आरंभी थोडा तपशील देणे आवश्यक आहे. जोसेफ लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात झाला. आजोबांच्या पिढीने गुलामगिरी भोगलेली होती. १९२६ च्या सुमारास कुटुंब डेट्रॉइटला आले. ४ जुलै १९३४ रोजी त्याने व्यावसायिक मुष्टियुद्धात पदार्पण केले. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत गारद करून तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला आणि १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर करीपर्यंत ते पद त्याच्याकडेच राहिले. या काळात त्याने २५ वेळा आपले अजिंक्यपद राखले. हेवीवेट गटातील हा उच्चांक आजतागायत अबाधित आहे. एकूण ६९ लढतींपैकी ६६ त्याने जिंकल्या आणि त्यांतील ५२ प्रतिस्पर्ध्याला गारद करून जिंकल्या.

शेवटचा आकडा वाचला की ब्राँझची ती मूठ योग्यच वाटू लागते. तथापि हा आकडा कशातून आला, हे पाहिले पाहिजे. लुईसच्या आधीचा एकमेव कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन याने १९०८ ते १९१५ या काळात गोऱ्या अमेरिकेला जे आव्हान दिले, त्याची शिक्षा पुढच्या पिढीला भोगावी लागली. त्यानंतर २२ वर्षे कोणाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढण्याची संधीच दिली गेली नाही. म्हणून लुईसचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक यांनी त्याच्यासाठी एक आचारसंहिताच घालून दिली. गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र काढू द्यायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे फुशारकी मारायची नाही, चेहऱ्यावर भाव उमटू द्यायचा नाही. प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न हा स्वतः वर्णभेद सोसलेला जुना मुष्टियोद्धा होता. पंचांच्या गुणांवर विसंबू नकोस, ते तुला न्याय देणार नाहीत, तुझी मूठच तुझा पंच होऊ दे, अशी त्याची शिकवण होती असे सांगतात.

आमच्या मते लुईसच्या कारकिर्दीची किल्ली या शिकवणीत आहे. ज्याला न्यायाची खात्री आहे, त्याला गुणांवर जिंकणे परवडते. ज्याला ती नाही, त्याला निकाल असा लावावा लागतो की पंचाला मत देण्याचे कारणच उरू नये. लुईसचा कठोर ठोसा हे अन्यायाला दिलेले विचारपूर्वक उत्तर होते. तो शरीराचा उद्रेक नव्हता.

त्या काळच्या अनेक गोऱ्या क्रीडालेखकांना मात्र तो उद्रेकच दिसला. वन्य श्वापद, जंगल, उपजत क्रौर्य अशा प्रतिमांनी त्यांचे वृत्तान्त भरलेले असत. ती कौतुकाची भाषा होती आणि म्हणूनच अधिक घातक होती. कारण तिने एका कारागिराचे कसब त्याच्याकडून काढून घेऊन निसर्गाच्या नावावर जमा केले. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. लुईस हा मुष्टियुद्धातील मोजक्या शब्दांचा लेखक होता. तो नाचत नसे, धावत नसे. पाय जमिनीलगत घासत, अर्ध्या अर्ध्या पावलाने तो प्रतिस्पर्ध्याची जागा कमी करीत जाई. त्याचे सर्वांत घातक ठोसे काही इंचांचेच असत आणि एकामागून एक इतक्या क्रमाने येत की पहिल्याने उघडी पाडलेली जागा दुसरा हेरी. १९३५ साली आपल्याहून सुमारे ६० पौंडांनी वजनदार असलेल्या प्रिमो कार्नेराला त्याने सहाव्या फेरीत संपविले, ते या हिशेबी कसबाच्या बळावर.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा त्याच्या पराभवात सापडतो. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत गारद केले. लुईसच्या चित्रफिती पाहून श्मेलिंगने एक दोष हेरला होता : डाव्या हाताचा सरळ ठोसा मारल्यानंतर लुईस तो हात खाली सोडतो आणि क्षणभर त्याची हनुवटी उघडी पडते. त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा हात रात्रभर आत येत राहिला. निसर्गाच्या शक्तीला दोष दुरुस्त करता येत नाही, माणसाला येतो. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सुमारे ७० हजार प्रेक्षकांसमोर हेच दोघे पुन्हा उभे राहिले. लढत १२४ सेकंदांत संपली. जगाने त्या १२४ सेकंदांत ताकद पाहिली. आम्हाला त्यांत दोन वर्षांचा अभ्यास दिसतो.

१८ जून १९४१ ची बिली कॉनविरुद्धची लढत हा दुसरा पुरावा. कॉन वजनाने हलका, पण चपळ आणि बुद्धिमान. बारा फेऱ्यांअखेर तीनपैकी दोन गुणपत्रकांवर तो पुढे होता. तेराव्या फेरीत त्याला केवळ जिंकायचे नव्हते, लुईसला गारद करायचे होते. त्या मोहाने तो जवळ आला आणि फेरी संपण्यास दोन सेकंद उरले असताना पडला. बारा फेऱ्या हरत असतानाही लुईस घाईस आला नाही, पवित्रा मोडला नाही. चूक होण्याची त्याने वाट पाहिली. ब्राँझच्या मुठीत ही प्रतीक्षा कोठून येणार?

लुईसला ज्यांनी जवळचे मानले, त्यांनीही त्याच्यापेक्षा त्याच्या मुठीकडेच अधिक मागितले. १९३५ साली मॅक्स बेअर हरल्यानंतर शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीत उसळलेल्या आनंदावर रिचर्ड राइट यांनी ‘न्यू मासेस’मध्ये लेख लिहिला, पुढे १९४१ साली त्यांनी लुईसवर गीतही रचले, जे काउंट बेसीच्या वाद्यवृंदासह पॉल रोबसन यांनी गायिले. माया अँजेलो यांच्या १९६९ सालच्या आत्मकथनात आर्कान्सातील खेड्यातल्या दुकानी रेडिओभोवती जमलेली माणसे आहेत. लुईस जिंकतो, आणि दूरवर राहणारी मंडळी त्या रात्री गावातच मुक्काम करतात. कारण लुईसने आपली ताकद सिद्ध केलेल्या रात्री एकाकी रस्त्यावर कृष्णवर्णीयाने सापडणे धोक्याचे होते. विजयाच्या रात्रीही भीती संपत नाही, हे त्या लेखिकेने इतक्या शांतपणे नोंदविले आहे की वाचक हादरतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६४ सालच्या आपल्या पुस्तकात विषारी वायूने देहान्त दिल्या जाणाऱ्या एका तरुणाची हकीकत दिली आहे. मरताना तो जो लुईसला वाचविण्यासाठी हाक मारतो. ती हकीकत घडली तशीच सांगितली गेली आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ती सांगाविशी वाटली, यातच तिचे सत्य आहे. जेथे न्यायालय, शासन आणि शेजारी हाकेला ओ देत नाहीत, तेथे माणसे मुष्टियोद्ध्याला हाक मारतात.

या मुठीचा सर्वांत मोठा हिशेब मात्र राष्ट्राने केला. ९ जानेवारी १९४२ रोजी लुईसने बडी बेअरविरुद्धच्या लढतीची आपली कमाई नौदलाच्या साहाय्यनिधीस दिली. त्या दिवसांत त्याच नौदलात कृष्णवर्णीयांना प्रायः खानसामा व वाढप्याच्याच कामावर घेत. मार्चमधील एब सायमनविरुद्धच्या लढतीची कमाई त्याने सैन्याच्या निधीला दिली. तोवर तो सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखलही झाला होता. संगीन हाती घेतलेली त्याची प्रतिमा शासकीय भित्तिपत्रकांवर झळकली आणि वर्णानुसार विभागलेल्या सैन्यातील लाखो जवानांपुढे त्याने प्रदर्शनीय लढती केल्या. युद्ध संपल्यावर करखात्याचा तगादा सुरू झाला. दान केलेली रक्कमही त्याचे करपात्र उत्पन्न म्हणूनच धरली गेली होती. १९५० पर्यंत थकबाकी पाच लाख डॉलरांच्या वर गेली. ती फेडण्यासाठी तो निवृत्ती सोडून पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी एझार्ड चार्ल्सकडून हरला आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. पुढे त्याने कुस्तीच्या नाटकी फडांतही कामे केली.

येथे काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेणे प्राप्त आहे. लुईस उधळ्या होता. गोल्फच्या पैजांत आणि मित्रांवर त्याने पैसा पाण्यासारखा घालविला. १९४१ च्या आसपास दरमहा एक याप्रमाणे जे प्रतिस्पर्धी त्याच्यापुढे उभे केले गेले, त्यांत दुबळेही बरेच होते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : वर्णभेदाविरुद्ध तो जाहीरपणे फारसा बोलला नाही आणि साठच्या दशकात अलीने सैन्यात जाण्यास नकार दिला तेव्हा त्याला लुईसची सहानुभूती लाभली नाही. पहिले दोन आक्षेप आम्हाला मान्य आहेत. तिसऱ्याबाबत इतकेच म्हणावेसे वाटते की, मौन ही त्याला संधी मिळण्याची अटच होती, आणि ती अट त्याने घातलेली नव्हती. त्या मौनाच्या आडही तो कृती करीत होता. फोर्ट रायली येथील छावणीत कृष्णवर्णीयांना अधिकारी-प्रशिक्षणात घेतले जात नव्हते, तेव्हा त्याने आपले वजन खर्च केले. त्या वेळी लाभ झालेल्यांपैकी जॅकी रॉबिन्सन याने पुढे १९४७ साली बेसबॉलमधील वर्णबंदी मोडली. अलीला मोठ्याने बोलता आले याचे थोडे श्रेय आधीच्या पिढीच्या सोसण्यालाही जाते. अली थोर आहेच. परंतु एका काळाच्या मापाने दुसऱ्या काळाला मोजणे ही समीक्षेतील जुनी खोड आहे.

उत्तरायुष्यात लुईसच्या मनाचा तोल ढळला. १९७० साली त्याला डेन्व्हर येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. नंतर लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये येणाऱ्या पाहुण्यांचे हस्तांदोलनाने स्वागत करणे हेच त्याचे काम झाले. ज्या हाताच्या ठोशाची किंमत एकदा लाखांत होती, त्या हाताच्या स्पर्शाची किंमत आता पगारात मोजली जात होती. १२ एप्रिल १९८१ रोजी तो वारला. अध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल केल्याने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळाली. अंत्यविधीच्या खर्चात श्मेलिंगने हातभार लावला. नाझींनी ज्याला आपले प्रतीक बनविले होते, पण जो त्यांच्या पक्षाचा सभासद कधीच झाला नाही आणि ज्याने १९३८ च्या नोव्हेंबरात दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपविले होते, तोच हा श्मेलिंग. दोन राष्ट्रांनी दोन मुठी एकमेकींसमोर उभ्या केल्या होत्या. त्यांमागच्या दोन माणसांनी पुढे मैत्री केली.

म्हणून डेट्रॉइटच्या शिल्पाविषयीचा आमचा आक्षेप सौंदर्यदृष्टीचा नाही. ती मूठ अनेकांना कृष्णवर्णीयांच्या सामर्थ्याची खूण वाटते आणि तो अर्थ आम्ही नाकारीत नाही. पण मोजा नसलेली, देहापासून सुटलेली मूठ ही निसर्गाची शक्ती ठरते. मोजा घातला की ती विद्या ठरते. लुईसजवळ विद्या होती. वृत्तपत्रांनी ती क्रौर्य म्हणून विकली, चाहत्यांनी ती चमत्कार म्हणून पूजली, राष्ट्राने ती युद्धसाहित्य म्हणून वापरली आणि काम झाल्यावर उरलेल्या माणसाकडे थकबाकीचा हिशेब पाठविला. एवढे सारे होऊन स्मारकातही तो माणूस आला नाही. लुईसच्या लढतींच्या चित्रफिती आज उपलब्ध आहेत. त्या पाहताना वाचकांनी मुठीवरची नजर थोडा वेळ काढावी आणि त्याच्या पायांकडे पाहावे. घाई न करता, अर्ध्या पावलाने पुढे सरकणारे ते पाय पाहिले की मुठीचा अर्थ वेगळा लागतो.